‘शाश्वत’ विकास की पुरवून केलेला?

ओलीसुकी
शाळकरी मुलांच्या एका पुस्तिकेचं भाषांतर करतोय. विषय ऊर्जा आणि पर्यावरण. एका धड्याचं शीर्षक मी ‘विकास आणि ऊर्जावापर शाश्वत असू शकतो का?’ असं केलं. आई शेजारी पावट्याच्या शेंगा सोलत होती, तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “शाश्वत फक्त देव. विकास कसला शाश्वत असतोय?” आणि पुढची शेंग घेतली.

धड्याचं उत्तर तिने देऊन टाकलं, पण माझी पंचाईत केली.

सरकारी कागदांत इंग्रजी ‘सस्टेनेबल’साठी हा शब्द पक्का बसलाय. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली २०३० पर्यंतची १७ उद्दिष्टं ठरवली, ती आपल्याकडे ‘शाश्वत विकास उद्दिष्टे’ झाली. हिंदीवाले ‘सतत विकास’ म्हणतात, कुठे ‘धारणीय’, कुठे ‘संधारणीय’. पण पर्यावरण आणि विकासावरच्या ज्या ब्रुंटलँड आयोगामुळे ही संकल्पना जगभर गेली, त्याच्या १९८७ च्या अहवालातली व्याख्या साधी आहे: आजच्या गरजा अशा भागवा की पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवता येतील. त्यात अनंतकाळ कुठेच नाही.

आपला शब्द मात्र थेट अनंतात जातो. संस्कृतात ‘शश्वत्’ म्हणजे पुन्हापुन्हा, सदैव. गीतेत आत्म्याला ‘शाश्वत’ म्हटलंय. ‘विकास’ म्हणजे मुळात उमलणं. म्हणजे शाश्वत विकास हे न कोमेजता कायम उमलतच राहणारं फूल झालं. असलं फूल फक्त प्लास्टिकचं मिळतं.

टिकाऊ, चिरस्थायी, धारणक्षम, निरंतर यांतलं काय घेऊ? की दुसरंच काही आहे?

उंटावरचा शहाणा
‘टिकाऊ’ घ्या. लोकांना कळतं.

ओलीसुकी
कळतं, पण उलटं कळतं. टिकाऊ म्हणजे वस्तू टिकणारी. दुधाची पिशवी मातीत वर्षानुवर्षं टिकते, तिच्याइतकं टिकाऊ काय असेल? तक्रार तीच तर आहे.

नेकारकाठ
मी जर्मनीत श्टुटगार्टला राहतो. इथल्या शब्दाची गोष्ट ऐका, कारण ती जळणापासूनच सुरू होते. जर्मनमध्ये ‘नाखहाल्टिग’ म्हणतात. ‘नाख’ म्हणजे नंतर, ‘हाल्टन’ म्हणजे धरणं. नंतरही धरून राहील असं. साक्सनीतल्या फ्रायबर्ग भागात चांदीच्या खाणी होत्या. धातू गाळायला लोणारी कोळसा (लाकडापासून केलेला) लागायचा आणि खाणीत टेकू द्यायला लाकूड. जंगलं संपत आली. तिथल्या खाणखात्याचा अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ याने १७१३ साली वृक्षलागवडीवर ग्रंथ लिहिला. जितकं पुन्हा वाढेल तितकंच तोडा, ही त्याची दिशा. या शब्दाचा उगम सहसा तिथेच दाखवतात.

म्हणजे निसर्गप्रेमापोटी नव्हे, भट्टी विझू नये म्हणून हा शब्द आला. आणि पुढे युरोपातल्या भट्ट्या गेल्या दगडी कोळशावर, जो पुन्हा वाढत नाही! शब्द वनखात्यात राहिला, धूर दुसऱ्या चिमणीतून निघाला.

आता इथे टूथब्रशवरही ‘नाखहाल्टिग’ छापलेलं असतं, ते सोडा.

कातळशिल्प
कार्लोविट्झचं म्हणणं माझ्या आजोळी कोणी ग्रंथात लिहिलं नाही, पण करत होते. भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपं करायची जमीन भाजायला, ऐन-किंजळीच्या झाडांच्या डहाळ्या तोडायच्या, त्याला आम्ही ‘कवळ तोडणं’ म्हणतो. मामा झाडावर चढायचा तेव्हा आजी खालून ओरडायची, “शेंडा ठेव रे!” शेंडा राखला की झाड पुन्हा फुटतं.

तिचा दुसरा शब्द ‘पुरवून’. आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, भरलेलं मीठ, सुकट, फाटी (जळाऊ लाकडं), सगळं ‘पुरवून वापरा’. तुमच्या व्याख्येचं मराठी हेच आहे. यात साठा मर्यादित आहे हे गृहीत धरलंय. ‘शाश्वत’मध्ये ती मर्यादाच दिसत नाही.

उंटावरचा शहाणा
‘पुरवून विकास’? मंत्र्यांच्या भाषणात बसवून दाखवा.

नेकारकाठ
कातळशिल्प, तुम्ही एका दमात दोन वेगळे शब्द दिलेत. पुरवणं आणि राखणं. पुरवायचा तो साठा: कितीही काटकसर करा, एक दिवस डबा रिकामा होणारच. राखायचं ते वाढणारं: कुरण, राई, शेंडा. कोळसा पुरवता येतो, राखता येत नाही. जंगल राखता येतं. ऊन-वाऱ्याला दोन्हींची गरज नाही.

पण ‘अक्षय ऊर्जा’ म्हणताना विशेषण चुकीच्या गळ्यात पडतं. अक्षय आहे ते ऊन. सोलर पॅनेल पंचवीस-तीस वर्षांचं. त्याची काच, त्यातली चांदी, खालची जमीन, यातलं काहीच अक्षय नाही. तसाच ‘क्षमता’ हा शब्द, म्हणजे सगळी केंद्रं पूर्ण चालली तर बनेल तेवढी वीज. भारताच्या स्थापित वीजक्षमतेत बिगर-जीवाश्म (कोळसा, तेल, वायू सोडून इतर) स्रोतांचा वाटा २०२५ मध्ये निम्म्यावर पोचला. वाचणाऱ्याला वाटतं, निम्मी वीज तशी येते. प्रत्यक्ष निर्मितीत कोळसा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. सूर्य रात्री नसतो, क्षमता मात्र कागदावर रात्रीही असते.

उंटावरचा शहाणा
शब्दांची गंमत पाहायची तर ‘अपारंपरिक ऊर्जा’ घ्या. केंद्रात या नावाचं मंत्रालयच होतं, २००६ मध्ये ते ‘नवीन आणि नवीकरणीय’ झालं. मराठीत जुनं नाव अजून चालू आहे. हजारो वर्षं वापरलेला वारा अपारंपरिक, गोवरीचं शेण अपारंपरिक, आणि इंग्रजांच्या काळात आलेलं कोळशाचं इंजिन पारंपरिक!

औष्णिक
इतका वेळ नुसतं वाचत होतो. माझं गाव विदर्भात, एका वीजकेंद्राच्या सावलीत. वाळत घातलेलं पांढरं धोतर संध्याकाळी झटकूनच घडी करायचं, कारण त्यावर राख. वीज तारांवरून पुढे जाते, राख आमच्याकडे राहते. उन्हाळ्यात लाइट गेली की सगळा गाव ओट्यावर.

‘पुरवून वापरा’ हे आजीने नातवाला सांगणं ठीक. दोघांचा डबा एकच असतो. पण घरात चार एसी असलेल्याने, एका पंख्यावर उन्हाळा काढणाऱ्याला सांगितलं तर? ब्रुंटलँडच्या व्याख्येतला ‘गरजा’ हा शब्द तुम्ही सगळ्यांनी घाईत ओलांडलात. त्याच अहवालात पुढे म्हटलंय की गरिबांच्या मूलभूत गरजांना सर्वांत आधी स्थान द्यावं. विशेषणावर एवढी चर्चा, आणि क्रियापदाला कर्ता कोण हे कुणी विचारलंच नाही. कोणी पुरवून वापरायचं?

कातळशिल्प
खरंय. आणि आमच्याकडे पुरवून खायची पाळीही बायकांवरच यायची, हेही लिहून ठेवते.

ओलीसुकी
सगळ्यांचे आभार. धड्यात ‘शाश्वत विकास’ ही संज्ञा ठेवतोय, कारण परीक्षेत तीच येणार. शेजारी चौकट टाकलीय: पुरवणं म्हणजे काय, राखणं म्हणजे काय, एकेक उदाहरण. कोळशाचं आणि कवळाचं. शीर्षक केलं, ‘विकास आणि ऊर्जा: किती पुरवायचं, काय राखायचं, कोणी?’

आत्ताच संपादकांचा निरोप आला. शीर्षक दोन ओळींत जातंय, ‘कोणी?’ काढता येईल का?

औष्णिक
‘विकास’ काढा.