मदत हवी आहे: महाधिवक्त्यांना पत्र लिहून काही उपयोग होतो का?

नमस्कार मंडळी,

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. वेतननिश्चितीत घोळ झाल्याने पेन्शन कमी बसली, म्हणून नागपूर खंडपीठात रिट याचिका टाकली आहे. दीड वर्ष झालं, सरकारचं उत्तर अजून दाखल नाही. तारीख लागते, सरकारी वकील 'विभागाकडून सूचना आल्या नाहीत' म्हणतात, पुढची तारीख मिळते. बाबा आता ७४ वर्षांचे आहेत.

कॅलिफोर्नियातला मामेभाऊ म्हणतो, "सरळ अ‍ॅटर्नी जनरलकडे तक्रार टाक." सामान हलवणाऱ्या कंपनीने त्याला फसवलं तेव्हा त्याने तिथल्या अ‍ॅटर्नी जनरलच्या ऑफिसकडे ऑनलाइन फॉर्म भरला होता म्हणे. शेजारचे काकाही तेच सांगतात, फक्त ते 'महाधिवक्ता' म्हणतात. मी संविधानाचं कलम १६५ काढून वाचलं. राज्यपाल नेमणूक करतात, उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्याइतकी पात्रता लागते, राज्य सरकारला कायदेशीर सल्ला द्यायचा, एवढं समजलं. आमच्यासारख्यांनी तिथे दाद मागायची सोय कुठे दिसली नाही. कुणी असं पत्र लिहिलंय का? पत्ता, नमुना काही?

प्रतिसाद १

नागपूरलाच वकिली करतो, म्हणून स्पष्ट सांगतो: पत्राचा खर्च वाचवा. महाधिवक्ता हे राज्य सरकारचे वकील, म्हणजे तुमच्या केसमध्ये समोरच्या बाजूचे. तुमच्या तारखेला जे उभे राहतात ते सहायक सरकारी वकील. विभागाने माहितीच पाठवली नाही तर तेही हात चोळत बसतात. महाधिवक्ता स्वतः येतात ते मोठ्या, घटनात्मक प्रकरणांत.

तुमच्या वकिलांना दोन गोष्टी करायला सांगा. वयाचं कारण देऊन लवकर सुनावणीचा अर्ज, आणि पुढच्या तारखेला 'उत्तरासाठी शेवटची संधी द्या, नाहीतर उत्तराशिवाय ऐका' अशी तोंडी विनंती. जिल्हा परिषदेचा वकील वेगळा असतो. त्यांचं उत्तर आलंय का, तेही बघा. कधी कधी सगळं तिथेच अडलेलं असतं.

प्रतिसाद २

मामेभावाचं चुकलं नाही, त्याचा देश वेगळा आहे. अमेरिकेत ५०पैकी ४३ राज्यांत अ‍ॅटर्नी जनरल लोकांच्या मतांवर निवडून येतो. कमला हॅरिस २०११ ते २०१७ कॅलिफोर्नियात याच पदावर होत्या. मतं मागायची तर ग्राहकांच्या तक्रारी घ्याव्याच लागतात! आपल्याकडे राज्यपालांची मर्जी असेपर्यंत पद, आणि ही मर्जी व्यवहारात मंत्रिमंडळाची. आपले तेव्हाचे महाधिवक्ता श्रीहरी अणे आठवतात ना? मार्च २०१६मध्ये विदर्भाच्या जोडीला मराठवाड्याचंही वेगळं राज्य हवं असं बोलले, विधिमंडळात गदारोळ झाला आणि त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्यानंतरचे रोहित देव पुढे न्यायाधीश झाले आणि ऑगस्ट २०२३मध्ये नागपूरलाच भर कोर्टात राजीनामा जाहीर करून मोकळे झाले. नाहीतर एच. एम. सीरवाई! १९५७ ते १९७४, सलग सतरा वर्षं. तो काळच वेगळा.

(धागा भरकटवल्याबद्दल क्षमस्व.)

प्रतिसाद १

एक राहिलं. सामान्य माणसाला महाधिवक्त्यांकडे जावं लागतं असं एक ठळक काम आहे. कुणी न्यायालयाची बदनामी केली आणि तुम्हाला फौजदारी अवमानाची याचिका करायची असेल, तर १९७१च्या कायद्याच्या कलम १५प्रमाणे त्यांची लेखी संमती लागते. मात्र उद्या निकाल तुमच्या बाजूने लागला आणि विभागाने तो पाळला नाही, तर तो दिवाणी अवमान. त्याला ही संमती लागत नाही. फक्त एक वर्षाची मुदत चुकवू नका. निकाल हातात आल्यावर 'बघू, देतील हळूहळू' म्हणत लोक इथेच फसतात.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. जिल्हा परिषदेच्या उत्तराचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता वकीलसाहेबांना फोन केला, तेही आलेलं नाही म्हणाले. लवकर सुनावणीचा अर्ज सोमवारी टाकतोय. सोबत बाबांच्या वयाचा पुरावा म्हणून शाळा सोडल्याचा दाखला चालेल, की आधारच लागेल?