मदत हवी आहे: ‘प्रेमी’ आणि ‘वेडा’ सोडून आणखी कोणते शब्द?

ताम्हण:
वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी आठ जणांचे परिचय तयार आहेत. प्रत्येकाला तीन-चार शब्दांचं शीर्षक द्यायचंय. सध्या सरसकट पुस्तकप्रेमी, नाट्यप्रेमी, कुस्तीप्रेमी असं लावलंय आणि अनुक्रमणिका वाचवत नाही.

माणसं अशी: शास्त्रीय संगीत ऐकणारे (स्वतः गात नाहीत), आखाडा न चुकवणारे, बैलगाडा शर्यतींचे, गडावरच्या टाक्यांतला गाळ काढणारा गट, मोडी कागदपत्रं वाचणाऱ्या बाई, नोकरी सांभाळून रंगमंचावर उभे राहिलेले गृहस्थ, खाण्यातले जाणकार, आणि घरभर पुस्तकं जमवलेल्या आजी. ‘फॅन’ नको. अंक त्यांच्याच हातात जाणार आहे, त्यामुळे कुणाला टोचेल असं काही नको.

उंबरा:
शब्द निवडण्याआधी त्यामागचं नाम शोधा आणि ते कोणतं क्रियापद घेतं ते बघा. सूर कौतुकाचा आहे की टोमण्याचा, ते तिथेच कळतं.

वेड *लागतं*, नाद *लागतो*. दोन्हींत माणसाच्या हातात फारसं काही नसतं. त्यातही नाद बहुतेक वेळा कुणीतरी लावलेला असतो आणि तो सुटावा अशी घरच्यांची इच्छा असते. छंद *जडतो*, पण नंतर *जोपासला* जातो, म्हणून तो सभ्य. शौक *पुरवला* जातो, म्हणजे खिशाचा संबंध आला. हौस *भागते* किंवा *फिटते*, म्हणजे तिला शेवट आहे. ध्यास मात्र *घेतला* जातो आणि व्यासंग *केला* जातो. इथे कर्ता माणूस आहे. ‘ध्यास फिटला’ असं कुणी म्हणत नाही.

हे तुमच्या यादीला लावा. मोडीवाल्या बाईंना ‘मोडीवेड्या’ म्हटलं तर त्यांची वर्षांची मेहनत आजारासारखी दिसते. त्यांच्यासाठी ‘व्यासंगी’ हाच शब्द. गाळ काढणाऱ्या गटाला ‘दुर्गप्रेमी’ म्हणणं अपुरं, कारण गडावर जाऊन फोटो काढणाराही दुर्गप्रेमीच. हे लोक काम करतात, तेव्हा ‘दुर्गसंवर्धक’ किंवा साधं ‘दुर्गसेवक’. ठरलेल्या दिवशी नेमाने जात असतील तर ‘गडांचे वारकरी’ही चालेल. वारी म्हणजे नेम. वर्षातून एकदा सहल काढणाऱ्यांना तो शब्द लावू नका.

रंगमंचावरच्या गृहस्थांना ‘हौशी’ म्हणण्याआधी थांबा. राज्य नाट्य स्पर्धेच्या हौशी विभागामुळे नाटकात या शब्दाला ‘व्यावसायिक नसलेला’ असा स्वच्छ अर्थ आहे. ‘हौशी रंगकर्मी’ म्हटलं तर कुणी दुखावणार नाही. पण नुसतं ‘हौशी नट’ लिहिलंत तर कसब बेताचं असावं असा वास येतो, त्यात जत्रेतले हौशे-नवशे-गवशे आठवतात ते वेगळंच.

खडूफळा:
संगीत ऐकणाऱ्यांसाठी तीन पायऱ्या आहेत. ‘श्रोता’ कुणीही असतो. ‘रसिक’ म्हणजे आस्वाद घेणारा. मात्र निवेदकांनी ‘रसिकहो’ म्हणून म्हणून तो पार पातळ केलाय, आता तिकीट काढलं की माणूस रसिक. ‘दर्दी’ म्हणजे ज्याला बंदिश ओळखता येते, सम चुकली तर कळते आणि जो नेमक्या जागी दाद देतो. हा शब्द कुस्तीलाही चालतो: डाव पडायच्या आधी ओळखणारा तो कुस्तीतला दर्दी. ‘कानसेन’ गमतीचा आहे, तानसेनाच्या जोडीने आलेला. हलक्याफुलक्या परिचयात ठेवा, गंभीर मजकुरावर शोभणार नाही.

खाण्याबाबत ‘खवय्या’ निर्धोक. ‘खादाड’ लाडाने बोलण्यात चालतो, छापू नका. ‘खाबू’ तर चुकूनही नको, त्याचा संबंध टेबलाखालच्या व्यवहाराशी आहे. ‘पट्टीचा खाणारा’ लिहाल तर तो प्रमाणाबद्दल बोलतो, चवीबद्दल नाही.

पश्चिमवारा:
बैलगाड्यासाठी दुसरा शब्द शोधू नका, ‘शौकीन’ हाच लावा. पुणे-सातारा-सांगलीकडे शर्यतीच्या फलकांवर ‘बैलगाडा शौकीन’ मानाने छापतात. ‘कुस्तीशौकीन’ही तसाच. अट एकच: पुढे विषय हवा. नुसतं ‘शौकीन गृहस्थ’ लिहिलं की वाचणारा अत्तर, पान आणि त्याच्याही पुढचं काहीबाही मनात आणतो.

‘नादखुळा’ हा कोल्हापुरी शब्द मोहात पाडेल. बोलताना झकास. पण तो जेवणालाही लागतो, गाडीलाही लागतो. शीर्षकात माणसाचा नाद मोठा आहे की माणूस भन्नाट आहे ते कळणार नाही, आणि कोल्हापूरबाहेर ‘खुळा’ तेवढा डोळ्यांत भरेल.

ताम्हण:
फारच उपयोगी. आजींना ‘पुस्तकवेडी आजी’ ठेवावं असं मंडळात ठरतंय. त्यांना स्वतःलाही आवडलंय. चालेल ना?

उंबरा:
चालेल. ‘-वेडा’ जोडशब्दात सौम्य होतो. ‘ध्येयवेडा’ तर निव्वळ स्तुती. फक्त लिंग-वचन बदलायला विसरू नका: पुस्तकवेडा, पुस्तकवेडी, पुस्तकवेडे. प्रेमी, रसिक, दर्दी, शौकीन हे स्त्री-पुरुषांना तसेच राहतात.

‘-बाज’ हा प्रत्यय मात्र टाळा. तो फारसीतल्या ‘खेळणे’ या अर्थाच्या धातूतून आलाय. पतंगबाजापर्यंत ठीक, पण नशेबाज, दगाबाज, स्टंटबाज यांच्या संगतीत त्याची रया गेली. (फलंदाज-गोलंदाज यांचा याच्याशी संबंध नाही, तिथे ‘अंदाज’ आहे, म्हणजे फेकणारा.)

मात्रावेलांटी:
जुळणीतली अडचण सांगतो. हे सगळे सामासिक शब्द आहेत, जोडूनच लिहा. ‘पुस्तक वेडी आजी’ असं तोडलं की पुस्तक एकीकडे आणि वेडी आजी दुसरीकडे! रकाना अरुंद असेल तर ओळ नेमकी तिथेच तुटते. तीन गोष्टी करा: शीर्षकांपुरतं आपोआप शब्द तोडणं बंद ठेवा, अक्षर दोन पॉइंटने कमी करा, आणि तरीही मावत नसेल तर रचनाच बदला (‘आजींचं पुस्तकवेड’). शेवटचं मुद्रित तपासताना शुद्धलेखन तपासणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबू नका. त्याला ‘पुस्तक’ आणि ‘वेडी’ हे दोन्ही शब्द बरोबरच वाटतात.

ताम्हण:
एक नववा परिचय आत्ताच आला. दिवंगत नेत्याबरोबर आयुष्यभर काम केलेले कार्यकर्ते. ‘कट्टर भक्त’ असं त्यांच्या मुलाने सुचवलंय.

खडूफळा:
दोन्ही शब्द काढा. राजकारणात ‘भक्त’ सध्या टोमणा म्हणूनच वाचला जातो, लिहिणाऱ्याचा हेतू काहीही असो. ‘कट्टर’ला समर्थक चालतो तसाच शत्रूही चालतो, त्यामुळे त्यात ऊब नाही. ‘निष्ठावंत’ चांगला होता. आता तो ऐकला की समोर ‘बंडखोर’ कोण असा प्रश्न येतो.

विशेषणं कुणाच्या शेजारी बसतात ते पाहून घ्या. ‘निस्सीम’ला चाहता किंवा उपासक लागतो. ‘अट्टल’ला चोर, दारुडा, म्हणून ‘अट्टल वाचक’ विनोदी होतो. ‘हाडाचा’ शिक्षकाला, शेतकऱ्याला, कार्यकर्त्याला लागतो, म्हणजे काम करणाऱ्याला. तुमच्या नवव्या माणसाला तोच द्या: ‘हाडाचे कार्यकर्ते’. नेत्याचं नाव शीर्षकात नको, परिचयाच्या पहिल्या वाक्यात घ्या.

पश्चिमवारा:
+१. आणि छापण्याआधी नऊही शीर्षकं एका कागदावर एकाखाली एक लिहून मोठ्याने वाचा. ‘-वेडा’ दोनदा आला तर एक बदला.