मदत हवी आहे : सायकलीला बसवलेले इंजिन चढावर गुदमरते
नमस्कार. खानापुरात भंगाराच्या भावाने मिळालेली, टू-स्ट्रोक इंजिन बसवलेली जुनी सायकल मी दुरुस्त करीत आहे. टाकीतला गंज काढला, कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) साफ केला, प्लग नवा घातला; तरीही सपाटीवर नीट धावणारे इंजिन चढाला लागताच गुदमरते, मात्र चोक (हवा कमी करणारी झडप) अर्धा ओढला की पुन्हा जोर धरते. पेट्रोलच्या मिश्रणात हवा जास्त जात असावी, असा माझा तर्क आहे, कारण इनटेकच्या (कार्बोरेटर इंजिनला जोडणाऱ्या नळीच्या) सांध्यातील गॅस्केटपाशी तेलाचा काळपट ओघळ दिसतो. आधी गॅस्केट बदलावे की जेट मोठा घालावा? शिवाय मागचे स्प्रॉकेट (साखळीचे दातेरी चक्र) रबरी चकत्यांनी थेट स्पोकवरच आवळलेले असल्याने दोन स्पोक तुटले आहेत (आमच्या खड्ड्यांचाही त्यात वाटा आहेच). जाड स्पोकचे चाक बांधून देणारा बेळगावातील कारागीर कोणास ठाऊक असल्यास कृपया कळवावे.