मदत हवी आहे: टंगस्टनवर लोखंडाचे नॅनोस्फटिक अर्ध्याच नमुन्यात वाढतात

नमस्कार मंडळी. संभाजीनगरहून विचारतोय. टंगस्टन स्फटिकाच्या ११० पृष्ठावर (११०, ००१ हे स्फटिकातल्या दिशांचे क्रमांक) निर्वात कक्षात लोखंडाचे ८ अणुथर साध्या तापमानाला बसवून ५५० अंश सेल्सिअसला १० मिनिटं तापवतो. टंगस्टनची पृष्ठऊर्जा (उघडं पृष्ठ राखायला लागणारी ऊर्जा) लोखंडापेक्षा जास्त, म्हणून पहिला अणुथर चिकटून राहतो. दोन्ही धातूंच्या अणुजाळीच्या मापात ९.४ टक्के फरक असल्याने वरचं लोखंड ००१ दिशेत लांबट बेटांत गोळा व्हायला हवं. एसटीएममध्ये (अणुपातळीवर पृष्ठ दाखवणारा सूक्ष्मदर्शक) तसं दिसतंही, पण अर्ध्याच भागात. बाकी थर सलग राहतो, आणि पृष्ठावरच्या अणूएवढ्या पायऱ्यांच्या गर्दीपाशी बेटं नको तेवढी उंच होतात.

मला पहिला संशय टंगस्टनमध्ये अशुद्धी म्हणून उरलेल्या कार्बनचा आहे. तो काढायला १२०० अंशांवर ऑक्सिजन देऊन, मग क्षणभर २००० च्या पुढे नेऊनही लीडच्या (LEED, पृष्ठावरची अणुरचना दाखवणारं इलेक्ट्रॉन विवर्तन) चित्रात फिकट जादा ठिपके उरतात. प्रत्येक फेरीला ऑक्सिजनचा दाब कमी करत न्यावा का? किती फेऱ्या?

दुसरं, थर्मोकपल (तापमान मोजणारी तारजोडी) नमुना-धारकाच्या कडेला आहे आणि तापवणं मागून इलेक्ट्रॉन माऱ्याने. नमुन्यात प्रत्यक्ष तापमानफरक कसा मोजता?

इथे उन्हाळ्यात वीज जाते, पंप थांबून कक्षातला दाब १०⁻⁸ मिलिबारला चढतो. तेवढ्या दाबात दोन-तीन मिनिटांत नमुन्यावर वायूचा एक अणुथर बसू शकतो, त्यामुळे तो नमुना मी बादच धरतो. मराठवाड्यात कोणी अतिनिर्वात पंपाला बॅटरीचा आधार दिला असेल तर जोडणी जरूर सांगा.