ऑपरेशन थिएटरच्या (ओटी) कात्र्या बोथट, नीडल होल्डरमध्ये सुई फिरते: दुरुस्तीचा करार, धार की नवीन सेट? सल्ला हवा

रात्रपाळी_इन्चार्ज
नमस्कार मंडळी. पन्नास खाटांच्या रुग्णालयाचं सीएसएसडी, म्हणजे उपकरणं धुऊन निर्जंतुक करणारा विभाग, माझ्याकडे आहे. जनरल सर्जरीच्या उपकरणांचे चार सेट आणि दिवसाला सहा-सात केसेस. गेल्या महिन्यात सर्जनसाहेबांनी एकाच केसमध्ये दोन मेट्झेनबॉम (टिश्यू कापायच्या नाजूक) कात्र्या बाजूला टाकल्या, कापायच्या ऐवजी टिश्यू चावत होत्या. नीडल होल्डरमध्ये (टाक्याची सुई धरायच्या पकडीत) सुई फिरते. आर्टरी फोरसेप्सच्या (रक्तवाहिनी दाबून धरणाऱ्या चिमट्यांच्या) सांध्यांवर तपकिरी डाग आलेत, आणि एक आर्टरी तर रक्तवाहिनीवर लावल्यावर आपोआप सुटली. पेशंट सुखरूप आहे, पण मला त्या दिवसापासून स्वस्थ झोप नाही.
चारही सेट नवीन घ्यायला जेवढे लागतील त्याच्या एक चतुर्थांश रक्कम वर्षासाठी मंजूर आहे. त्यापेक्षा जास्त मिळणार नाही. बाहेरचा वार्षिक करार करावा, धार लावायचं सामान इथेच आणावं, की थोडं थोडं नवीन घ्यावं?

ट्युटलिंगनप्रेमी
चारही सेट बदला, दुसरा उपाय नाही. आमच्याकडे जर्मनीतल्या ट्युटलिंगनचे सेट आहेत, मी नोकरीला लागायच्या आधीपासूनचे. सोनेरी कड्यांचे नीडल होल्डर म्हणजे जबड्यात टंगस्टन कार्बाइडच्या पट्ट्या असतात. त्या झिजल्या तर नुसत्या पट्ट्या बदलून मिळतात, अख्खा होल्डर टाकावा लागत नाही. स्वस्तातलं घेतलं की दोनदा घ्यावं लागतं.

रात्रपाळी_इन्चार्ज
दादा, रक्कम वर लिहिली आहे. त्यात एकच सेट येतो.

ट्युटलिंगनप्रेमी
मग व्यवस्थापनाला समजावून सांगा. पेशंटच्या जिवापुढे रक्कम कसली?

बायोमेड_विभाग
वार्षिक करार करून टाका. आम्ही चार वर्षं करतोय. माणूस महिन्यातून एकदा येतो, पेटी घेऊन जातो, आठवड्यात सगळं चकाचक परत. आणि अल्ट्रासॉनिक क्लीनर (ध्वनिलहरींनी पाण्यात धुणारं यंत्र) घ्या. हाताने सांध्यातलं रक्त निघत नाही.

ओटीत_२२_वर्षं
चकाचक या शब्दाचीच मला धास्ती आहे. आमच्याकडेही असाच करार होता. कात्र्या आरशासारख्या होऊन आल्या, सगळे खूश. पहिल्याच केसमध्ये मेट्झेनबॉम टोकाशी कापेना. कात्रीची दोन पाती सपाट नसतात, किंचित बाक दिलेला असतो. मिटून उजेडासमोर धरली की मधे बारीक फट दिसते. त्या बाकामुळेच पाती एका वेळी एकाच बिंदूत भेटतात आणि तो बिंदू टोकाकडे सरकत जातो. त्या माणसाने पाती चाकावर धरून सपाट केली होती. बाक गेला की कितीही धार लावा, व्यर्थ. सहा कात्र्या भंगारात गेल्या, आणि कोणतं इन्स्ट्रुमेंट काय बिघाड होता म्हणून नेलं होतं याचा एक कागद कुणाकडे नव्हता.
करार केलात तर नगानुसार लेखी अहवाल मागा. आणि परत आलेली प्रत्येक कात्री तपासणीच्या रबरी पट्टीवर टोकापर्यंत चालवून बघा. मोठ्या कात्र्यांना लाल पट्टी, लहान नाजूक कात्र्यांना पिवळी. शेवटचा भाग सहज कापून कात्री न अडखळता सुटली पाहिजे.

टाके_घालणारा
सर्जन म्हणून लिहितो. निम्म्या कात्र्या गॉज आणि ड्रेसिंग कापून खराब होतात. मेट्झेनबॉम फक्त टिश्यूसाठी असते, हे ट्रे लावणाऱ्यांना कुणी शिकवतच नाही.

ओटीत_२२_वर्षं
सर, आदर ठेवून सांगते. टाक्याचा धागा कापायला हात पुढे येतो तेव्हा आम्ही मेयो (जाड, दणकट कात्री) देतो, पण हातात मेट्झेनबॉम असेल तर त्यानेच कापला जातो. मी रोज बघते. जाड सुईला नाजूक नीडल होल्डर लावला तर त्याचे जबडे फाकतात, तेही आम्ही करत नाही.

टाके_घालणारा
धाग्याचं मान्य आहे. बाकी गॉजचं मीही रोज बघतो.

धातू_अभ्यासक
डागांबद्दल. स्टेनलेस म्हणजे कधीच न गंजणारं, ही समजूत काढून टाका. 1913 साली शेफिल्डमध्ये हॅरी ब्रेअर्लीने जे पोलाद बनवलं त्यात सुमारे 13 टक्के क्रोमियम होतं, आणि आजच्या कात्र्यांचं पोलाद त्याच घराण्यातलं आहे. क्रोमियमचा ऑक्साइड पृष्ठभागावर अगदी पातळ थर धरतो, तो थर आहे तोवर गंज नाही. कात्री, आर्टरी यांना कडकपणा हवा म्हणून 420 सारख्या प्रतीचं पोलाद वापरतात. ते कडक होतं, पण रिट्रॅक्टरच्या (जखम उघडी धरणाऱ्या उपकरणाच्या) 304 प्रतीच्या पोलादाइतका गंज सोसत नाही, कारण 304 मध्ये 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. आणि या थराचा मुख्य शत्रू म्हणजे क्लोराइड. केस संपल्यावर सलाइनमध्ये, म्हणजे मिठाच्या पाण्यात, भिजत ठेवता का? ब्लीच वापरता का?

ट्युटलिंगनप्रेमी
आम्ही वर्षानुवर्षं सलाइनमध्येच ठेवतो, काही होत नाही. पोलाद चांगलं असलं की झालं.

धातू_अभ्यासक
चांगल्या पोलादालाही टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. भिंगाखाली सांधा बघा आणि मग सांगा.

ट्युटलिंगनप्रेमी
बघितलंय. खड्डे नाहीत.

नवशिका_तंत्रज्ञ
आमचे सर सांध्यात शिवणयंत्राचं तेल सोडतात, अगदी मऊ चालतात. ते चालेल का?

सीएसएसडी_तंत्रज्ञ
अजिबात नाही. तेलाच्या थराखाली वाफ पोहोचत नाही, तिथलं निर्जंतुकीकरण होत नाही. पाण्यात मिसळणारं, वाफ आरपार जाऊ देणारं वंगण मिळतं, दुधासारखं पांढरं असतं म्हणून त्याला इन्स्ट्रुमेंट मिल्क म्हणतात. धुऊन झाल्यावर, ऑटोक्लेव्हच्या (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) आधी ते लावायचं.
मूळ प्रश्नाकडे येतो. करार की खरेदी हे ठरवण्याआधी नग वेगळे करा. डागावर पेन्सिलचं खोडरबर घासा. डाग गेला आणि खाली धातू गुळगुळीत असेल तर तो नुसता डाग, पाण्यातल्या क्षारांचा किंवा चुकीच्या डिटर्जंटचा. खाली खड्डा दिसला तर तो गंज, असा नग ट्रेमध्ये ठेवू नका. सुटलेल्या आर्टरीसाठी: रॅचेटच्या (मुठीजवळच्या दातेरी अडकणीच्या) पहिल्या दातावर लावा, सांध्याशी धरा आणि रॅचेटचा भाग टेबलाच्या कडेवर हलका आपटा. उघडली तर रॅचेट झिजलंय. नीडल होल्डरमध्ये नेहमीची सुई दुसऱ्या दातावर पकडा, हाताने फिरवता आली तर तो दुरुस्तीला. सांध्याभोवती केसासारखी चीर दिसली तर मात्र नग बाद, त्याला दुरुस्ती नाही. रॅचेट पूर्ण मिटून ऑटोक्लेव्हमध्ये ठेवल्याने अशा चिरा पडतात. 134 अंशांना धातू प्रसरण पावतो आणि सगळा ताण सांध्यावर येतो. सगळं उघडं ठेवा.
वापरानंतरचं पहिलं पाणी गार घ्या, गरम पाण्याने रक्तातलं प्रथिन धातूला चिकटून बसतं. डिटर्जंट एन्झाइमचं, साधारण 7 पीएचचं. आणि हो, अल्ट्रासॉनिक घ्याच.

बायोमेड_विभाग
अल्ट्रासॉनिकचं मी आधीच लिहिलं होतं. +१.

दुर्बीण_विभाग
अल्ट्रासॉनिकला माझंही अनुमोदन. फक्त लॅपरोस्कोपीची (छोट्या छिद्रातून करायच्या शस्त्रक्रियेची) दुर्बीण त्यात टाकू नका, आमची एक अशीच गेली, भिंगं सैल झाली. लॅपरोस्कोपीच्या हँडलांचं इन्सुलेशनही टेस्टरने तपासत जा, डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रातून करंट निसटतो आणि आतडं भाजतं. आमच्याकडे टेस्टर आल्यावर पहिल्याच दिवशी तीन नग निघाले.

रात्रपाळी_इन्चार्ज
आमच्याकडे लॅपरोस्कोपी नाही.

दुर्बीण_विभाग
पुढे सुरू झाली तर लक्षात ठेवा, मोठा धोका आहे.

ट्रे_मोजणारी
दोनच प्रश्न. केस संपल्यापासून तोच सेट पुन्हा ऑटोक्लेव्हमध्ये जाईपर्यंत किती मिनिटं मिळतात? आणि एका ट्रेमधल्या किती आर्टरी न वापरता परत येतात?

ट्युटलिंगनप्रेमी
याचा धारेशी काय संबंध?

रात्रपाळी_इन्चार्ज (तीन आठवड्यांनी)
उशीर झाला, पण सगळं मोजून मगच लिहायचं ठरवलं होतं.
ट्रे_मोजणारी ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर लिहायला बसले तेव्हाच चूक दिसली. चार सेट आणि सात केसेस, म्हणजे दुपारपासून सेट धावतच असतात. सांधे उघडून ब्रश फिरवायला वेळच नाही, नग ओलेच पॅक होतात, आणि केस लांबली की रक्त वाळू नये म्हणून मुली ते सलाइनमध्ये टाकतात. मुलींची चूक नव्हती. त्यांच्या हातात वेळच दिला नव्हता आम्ही.
दुसरा प्रश्न. प्रत्येक ट्रेमध्ये आर्टरी आणि मॉस्किटो (लहान आर्टरी) मिळून 16, एकूण 64. दोन आठवडे नोंद ठेवली, एका केसमध्ये 9 च्या वर कधी लागल्या नाहीत. उरलेल्या नुसत्या धुतल्या जात होत्या, वाफेत जात होत्या, झिजत होत्या.
डाग होते 38 वर. खोडरबराने 29 साफ झाल्या, 9 वर खड्डे निघाले. याशिवाय 5 च्या सांध्याला चीर. त्या सुटलेल्या आर्टरीला चीरच होती, मी स्वतः भिंगातून बघितली. हे 14 नग बाद केले, राहिले 50. सर्जनसाहेबांशी बोलले, ते प्रत्येक ट्रेला 10 वर तयार झाले. म्हणजे न विकत घेता पाचवा ट्रे उभा राहिला.
म्हणून करार करत नाही, अल्ट्रासॉनिकही घेत नाही. सगळ्यांनी एकमुखाने सांगितलंत, तरीही. ते यंत्र चांगलंच असेल, पण वेळ नसेल तर नग त्यातही मिटलेले आणि कोंबलेलेच पडतील. 16 कात्र्यांतल्या 7 पट्टीवर पास झाल्या, 3 आधीच घासून पातळ झालेल्या होत्या त्या काढल्या, 6 नगानुसार अहवाल देणाऱ्याकडे धारेला दिल्या. नीडल होल्डर 12, त्यातले 3 सोनेरी कड्यांचे पट्ट्या बदलायला गेले, साधे 2 झिजलेले होते ते बाद. पाच मेट्झेनबॉम नवीन घेतल्या. शेवटच्या धुण्यासाठी क्षार काढलेलं पाणी सुरू केलं आणि सलाइनची वाटी धुण्याच्या खोलीतून कायमची हलवली. मंजूर रकमेतले अजून बरेच शिल्लक आहेत.

बायोमेड_विभाग
शिल्लक आहेत तर अल्ट्रासॉनिकसाठी ठेवा. सहा महिन्यांत लागेलच.

ओटीत_२२_वर्षं
धारेहून आलेल्या सहा कात्र्या मिटून उजेडासमोर धरल्यात का? बाक आहे?

रात्रपाळी_इन्चार्ज
आजच आल्या. पाचांना आहे. सहावी परत पाठवतेय.