टी-मूल्य सार्थक आलं, पण नियंत्रित गट?
एकाच वर्गाची पूर्वचाचणी, मग अध्यापन कार्यक्रम, मग उत्तरचाचणी. दोन्ही चाचण्यांच्या सरासरीतला फरक तपासणारं टी-मूल्य सार्थक आलं, म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा वाटत नाही असं दिसलं, की एम.एड.चा प्रबंध झाला, असं काहीजण म्हणतात. मला नाही पटत. मधल्या काळात मुलं तशीही शिकतातच, शिवाय तीच प्रश्नपत्रिका दुसऱ्यांदा सोडवताना सराव झालेला असतो. कॅम्पबेल आणि स्टॅन्ली या संशोधनपद्धतीच्या अभ्यासकांनी १९६३ मध्येच या रचनेतले हे धोके मांडले होते. दुसरी तुकडी मिळत असेल तर नियंत्रित गट (ज्याच्या दोन्ही चाचण्या होतात, पण अध्यापन कार्यक्रम होत नाही) घ्याच. मुलांची यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून करावी तशी) विभागणी शाळा करू देत नाही? (बहुतेक नाहीच देत.) मग पूर्वचाचणीचे गुण सहचल (सोबत हिशेबात घ्यायचा घटक) धरून सहप्रसरण विश्लेषण करा, म्हणजे दोन गटांतला सुरुवातीचा फरक लक्षात घेऊन उत्तरचाचणीची तुलना होते. मात्र हे मार्गदर्शकांशी आराखडा मंजूर होण्याआधी बोला. चाचण्या उरकल्यावर सांख्यिकी कितीही घोटली तरी नियंत्रित गट उगवत नाही.