सशर्त संभाव्यता: आधी सूत्र की आधी मोजणी?

पाटीपेन्सिल: सशर्त संभाव्यतेला, म्हणजे एक गोष्ट घडल्याचे दिले असता दुसरी घडण्याच्या संभाव्यतेला, सूत्र लागतच नाही. 'दिले असता' या शब्दांनुसार नमुना अवकाश (सर्व शक्य निकालांची यादी) छाटावा आणि उरलेले मोजावे. सूत्र घोकून घेणारे शिक्षक मुलांचे नुकसान करतात.

जुना_शिक्षक: शेवटचे वाक्य लागले, म्हणून सविस्तर लिहितो. बावीस वर्षे मी बारावीला शिकवतो आहे. पत्त्यांच्या कॅटमधून काढलेला पत्ता चित्राचा असल्याचे दिले असता तो राजा असण्याची संभाव्यता 4/12, हे मोजून येते, मान्य. परंतु पहिले यंत्र 60 टक्के माल काढते आणि त्यातला 2 टक्के सदोष निघतो, दुसरे 40 टक्के काढते आणि त्यातला 5 टक्के सदोष निघतो. तर सदोष नग दुसऱ्या यंत्राचा असण्याची संभाव्यता काढताना मोजायला नग आहेत कुठे? तिथे दोन्ही गोष्टी घडण्याची संभाव्यता भागिले दिलेल्या गोष्टीची संभाव्यता, म्हणजे 0.02 भागिले 0.032, म्हणजे 5/8, हे सूत्रानेच येते.

पाटीपेन्सिल: सर, 1000 नग धरा. सदोष 12 आणि 20, मिळून 32. उत्तर 20/32, म्हणजे तेच.

कोयनाकाठ: खरा दोष प्रश्नाच्या भाषेत असतो, त्याकडे दोघांचेही लक्ष नाही. 'दोन अपत्यांपैकी एक मुलगा आहे, तर दोघेही मुलगे असण्याची संभाव्यता किती?' या प्रश्नाला मी 1/2 लिहिले आणि शून्य गुण मिळाले. 'थोरला मुलगा आहे' असे वाचले तर 1/2 येते, 'किमान एक' असे वाचले तर 1/3. गणिती कोड्यांचे लेखक मार्टिन गार्डनर यांनी 1959 मध्ये हे कोडे मांडले आणि त्याची शब्दरचना संदिग्ध असल्याचे पुढे स्वतःच मान्य केले. माझ्या परीक्षकांनी मात्र ऐकूनही घेतले नाही.

जुना_शिक्षक: गणितात 'एक' म्हणजे 'किमान एक', हे वर्गात पहिल्याच आठवड्यात सांगतात. तुम्ही ते ऐकले नसेल तर त्याला परीक्षक काय करणार?

कोयनाकाठ: मग हे सांगा. तुम्ही त्या घरी गेलात आणि दोन अपत्यांपैकी कोणतेही एक दार उघडणार होते. दार मुलाने उघडले. 'किमान एक मुलगा' हे तुम्हाला कळलेच, तरीही उत्तर 1/3 नाही, 1/2 आहे.

पाटीपेन्सिल: 400 घरे धरून पाहिले. 100 घरांत दोन्ही मुलगे, तिथे दारात मुलगाच येणार. 200 घरांत एक मुलगा आणि एक मुलगी, त्यांतल्या 100 घरांत दार मुलगा उघडेल. म्हणजे 200 पैकी 100. नुसता नमुना अवकाश छाटून भागत नाही, माहिती कशी हाती आली तेही मोजावे लागते, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते.

जुना_शिक्षक: 'नुकसान करतात' हे शब्दही मागे घ्या. उद्या मी ही 400 घरे फळ्यावर मांडीन. सूत्र मात्र त्याच तासाला, त्यांच्या शेजारीच लिहीन.